दोन लाख बिस्किटांचा डोंगर

आज कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला आमच्याकडे गणपतीसाठी मंडळी जमली होती आणि आरतीनंतर जे घडले त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. माझ्या भाचीचा नवरा चिनी वंशाचा. त्याचे पणजोबा सॅन फ्रान्सिस्कोत आले, तेव्हा आपल्यापैकी कुणाच्याही घराण्याने अमेरिकेचे नाव नीट ऐकलेले नसावे. आमच्या ओळखीचे एक काका मोदकांच्या ताटाशेजारी फॉर्च्यून कुकीचे, म्हणजे अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत मिळणाऱ्या आणि पोटात भविष्याची चिठ्ठी असलेल्या बिस्किटांचे, पाकीट ठेवून त्याला म्हणाले, "हा तुमच्याकडचा प्रसाद." वर विचारले, "मग घरी कधी जाता?" तो शांतपणे म्हणाला, "आई-बाबा सॅक्रामेंटोला असतात, दर महिन्याला जातो." सगळे हसले. भाची हसली नाही.

मला त्या क्षणी हंग लिऊ या चित्रकर्तीची मांडणी, म्हणजे खऱ्या वस्तू मांडून केलेली कलाकृती, आठवली. जन्म १९४८ चा, चीनमधील चांगचुनचा. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत शेतावर राबायला पाठवलेली ही बाई १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात शिकायला आली. १९८८ मध्ये तिने स्वतःचे ग्रीन कार्ड भलेमोठे रंगवले आणि नावाच्या जागी लिहिले 'कुकी, फॉर्च्यून'. पुढे १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात तिने एकमेकांना छेदणारे रेल्वेचे रूळ टाकले आणि त्यांवर सुमारे २ लाख फॉर्च्यून कुकीज ओतून डोंगर उभा केला. शीर्षक 'जिउ जिन शान', म्हणजे जुना सोन्याचा डोंगर. चिनी लोक सॅन फ्रान्सिस्कोला हेच म्हणतात. २०२१ मध्ये ही मांडणी तिथेच पुन्हा उभारली गेली, तेव्हा मी ती पाहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिऊ वारली.

काकांना मी मोबाइलवर त्या मांडणीचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "हा तर कॉस्टकोच्या घाऊक दुकानातला ढीग. यात कला कुठे आहे?" आता, मांडणीशिल्पाच्या नावाखाली बराच कचरा खपतो आणि शेजारची पाटी वाचल्याशिवाय अनेकदा काहीच उमगत नाही, हे मला मान्य आहे. पण इथे समजायला अवघड असे आहे तरी काय? सिएरा नेवाडा पर्वताचे खडक फोडून सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग ज्यांनी पूर्वेकडे नेला ते मजूर बहुसंख्येने चिनी होते. १८६९ मध्ये तो पूर्वेकडून येणाऱ्या मार्गाला जोडला गेला आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशाचे दार बंद करणारा कायदा झाला, जो थेट १९४३ मध्ये रद्द झाला. त्या रुळांवर लिऊने काय ठेवले, तर ज्याचे मूळ जपानी मिठाईत आहे, जे कॅलिफोर्नियात वाढले आणि चीनमध्ये ज्याला कुणी ओळखत नाही, असे बिस्किट. दुसऱ्यांनी तुमच्या गळ्यात घातलेली ओळख तुम्ही पिढ्यानपिढ्या वागवायची, हे तो डोंगर सांगतो; आणि आज तेच बिस्किट माझ्या घरात, माझ्या गणपतीपुढे, माझ्या जावयाच्या हातात दिले गेले.

काकांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मीही जाणते. त्यांनी मुद्दाम दुकानात जाऊन ते पाकीट आणले होते आणि जावयाने सेलोफेन फोडून, आतली चिठ्ठी वाचून, आभार मानून ते खाल्लेही. पण हेच काका 'तुम्ही रोज करी खाता का' असे विचारणाऱ्या गोऱ्या शेजाऱ्यावर वर्षानुवर्षे चिडतात!

ओकलंडच्या चायनाटाउनमध्ये वाढलेल्या फ्लो ओय वाँग या कलाकर्तीने २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर अमेरिकेचे झेंडे आणि तांदळाची पोती यांतून एक मांडणी केली. हे बेट म्हणजे १९१० ते १९४० या काळात चिनी माणसांना अडकवून उलटतपासणी घेण्याचे ठिकाण. बंदी चुकवण्यासाठी लोक खोट्या नात्यांची कागदपत्रे घेऊन येत. फ्लोची स्वतःची आई कागदोपत्री फ्लोच्याच वडिलांची बहीण म्हणून देशात शिरली. ती खोटी नावे त्या झेंड्यांवर आहेत. नवऱ्याची बहीण म्हणवून घेत संसार करणाऱ्या त्या बाईचा विचार करताना माझा काकांवरचा राग थोडा निवळतो, कारण बिस्किटापेक्षा कितीतरी मोठे अपमान या लोकांनी मुकाट्याने गिळले आहेत.

आणि हे अमेरिकेचेच पाप आहे असे समजून आपण हात झटकू नयेत. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर, भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना, लहान मुलांसकट, राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांतली अनेक कुटुंबे पुढे देश सोडून टोरांटोला गेली. मुंबईत माझगावला त्यांच्या समाजाचे जुने मंदिर अजून उभे आहे. मी दादरला वाढले, पण शाळेत, घरात, कुठेच त्याचा उल्लेख ऐकला नाही. काळा घोडा महोत्सवात दरवर्षी मोठमोठ्या मांडण्या उभ्या राहतात आणि लोक त्यांच्यापुढे सेल्फी काढायला रांगा लावतात. त्यांतली एखादी जागा माझगावच्या आणि देवळीच्या या माणसांना मिळायला हवी, आणि ती मांडणी त्यांच्याच मुलानातवंडांनी करायला हवी.