काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं

आज विरारला गेले होते, आत्याची ट्रंक आणायला. परतीच्या लोकलमध्ये बसून लिहितेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

आत्याला जाऊन अठरा दिवस झाले. वृद्धाश्रमात तिच्या शेजारच्या पलंगावरच्या काकूंनी मला बघितल्या बघितल्या विचारलं, "काय गं, कधी सोडतायत तिला हॉस्पिटलमधून?"

मी ट्रंकेवरच बसले. पाच वर्षं या दोघी एका खोलीत राहिल्या. रोज रात्री आत्या काकूंच्या डोळ्यांत थेंब घालायची. आणि यांना कुणी सांगितलंच नाही! आत्याच्या पलंगावरची गादी गुंडाळलेली, कपाट रिकामं, आणि काकू वाट बघतायत.

खाली ऑफिसात जाऊन भांडले. उत्तर काय, तर "बाकीच्यांचं बीपी वाढतं, रात्री झोपत नाहीत, म्हणून आम्ही बोलतच नाही." बरं, होत असेल काहींना त्रास. ज्यांना आठवत नाही त्यांना रोज नव्याने रडवू नये, तेही मान्य. पण म्हणून सगळ्यांनाच लहान मुलं समजायचं? ऐंशी वर्षं जगलेल्या बाईने काय कमी मरणं बघितलीत? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० गरजू म्हाताऱ्यांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. म्हणजे पलंगांचा विचार झाला. पलंग रिकामा झाला की शेजारच्या पलंगावर जाऊन दोन मिनिटं कोण बसणार, हे कुणी ठरवायचं?

आणि आम्ही तरी काय केलं? शिवाजी पार्कच्या स्मशानात सगळं उरकलं. मग दादरला हॉल घेऊन शोकसभा. तिथे आत्याबद्दल बोलले कोण, तर जे चार-चार वर्षं विरारकडे फिरकले नव्हते ते. फोटो तिच्या रिटायरमेंटचा, काळ्या केसांचा. काकूंना गाडी पाठवावी, निदान फोन करावा, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. ते मघाशी ऑफिसात ओरडताना आठवलं आणि माझा आवाजच बसला.

वर आले. काकूंचा हात धरून सांगितलं. त्या रडल्या नाहीत. खूप वेळाने म्हणाल्या, "कावळा शिवला का?"

नव्हता शिवला. दहाव्याला बाणगंगेवर तासभर उभे होतो. घराचं बोललो, धाकट्याच्या लग्नाचं बोललो, तिच्या पुस्तकांचं बोललो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.

काकू म्हणाल्या, "माझं नाव घ्यायचं होतंत."

तेव्हा ऐका. पुढच्या रविवारी चार वाजता तिथेच, आत्याच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात सभा आहे. ऑफिसला मनवलंय. दुपारची झोप झालेली असते आणि जेवायला अवकाश असतो, म्हणून चार. अर्ध्या तासावर एक मिनिट नाही, म्हाताऱ्यांना बसवत नाही. खुर्च्या हाताच्या हव्यात, प्लास्टिकचे स्टूल नकोत. फोटो गेल्या दिवाळीचा, तिथेच काढलेला, कानटोपी घातलेला. त्या मजल्यावर वसईकडच्या एक ख्रिस्ती बाई आहेत, त्यांना मेणबत्ती लावायचीय, लावू देत. ज्यांना उठता येत नाही त्यांच्या पलंगाशी आपण फोटो घेऊन जायचं, ज्यांना नको त्यांना नको. भाषणं नातेवाइकांची नाहीत, हे आत्ताच सांगते, रुसू नका. आपण चहा वाटायचा आणि ऐकायचं.

आणि तुमचंही कुणी अशा ठिकाणी असेल, तर शेजारच्या पलंगावर कोण असतं त्यांचं नाव आणि नंबर आजच लिहून ठेवा. गेल्याचा पहिला फोन तिकडे करा, मग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका.

निघताना काकूंच्या डोळ्यांत थेंब घातले. हात थरथरला, एक गालावरच पडला. त्या म्हणाल्या, "रविवारी मी बोलीन. पण माइक नको, तिच्याशी मी कधी ओरडून बोलले नाही."