मर्दा, रविवारचं मटण तूच कर

बाई वर्षभर रांधते, त्याची बातमी कुणी करत नाही. मर्दानं रविवारी मटण टाकलं की बेळगावात वडगावपासून अनगोळपर्यंत कळलं पाहिजे. ते कसं करायचं, ऐक.

सकाळी एक किलो आण. चाप, सीना मिक्स सांग. कोथिंबीर विसर, ती आणायला घरात कोणीतरी असतंच.

लसूण सोलला, आलं वाटलं, कांदा चिरला, वाटीभर सुकं खोबरं किसलं, तीळ-खसखस निवडून ठेवली, की उठायचं आणि म्हणायचं, "सरा बाजूला, आज मी करतो."

खोबरं मंद आचेवर तांबूस करून ताबडतोब कढईबाहेर काढतात. तू गॅस मोठा ठेव आणि फोन घे. खोबरं करपून रस्सा कडू झाला तर संकेश्वरी मिरचीला नाव ठेव. वर्षाचं तिखट आईनं केलेलं असतं, म्हणजे दोष कुणाचा ते ठरलंच.

पातेल्यावरच्या ताटात पाणी तापवून तेच मटणात घालायची रीत आहे. एवढा वेळ मर्दाला कुठला? नळाचं तांब्याभर ओत. शिजायचं अडलं तर बोकड जून होता.

पांढऱ्या रश्शाला खळाखळा उकळी दे. फुटला तर म्हण, अस्सल असाच असतो.

जोंधळ्याच्या भाकऱ्या आणि बासमतीचा भात आपोआप होतात.

तर्री वर आली की स्टेटस ठेव.

आता भांडी. परवाच अशा एका पराक्रमानंतरची मोरी बघण्यात आली, म्हणून जरा सविस्तर. एका रश्शाला दोन पातेली, कुकर, कढई, तवा, तीन डाव आणि मिक्सरची दोन्ही भांडी लागलीच पाहिजेत. सगळं तसंच मोरीत ढकल, वर गार पाणी सोड. बेळगावच्या थंडीत चरबी गोठून पाइपला आतून थर बसतो, त्यावर खोबऱ्याचा चोथा अडकतो आणि सोमवारी मोरी तुंबते. आधी रद्दीनं चरबी पुसून कचऱ्यात टाकायची, मग कढत पाणी, मग साबण, हे तुला कुणी सांगितलंच नसेल! मिक्सरच्या पात्याखाली वाटण चिकटून राहतं, झाकणाच्या रबरात लसणाचा वास मुरतो, मग तोच वास दोश्याच्या पिठाला. कुकरच्या शिट्टीच्या नळीत मसाला सुकून बसतो, पुढच्या वेळी शिट्टीच होत नाही, आणि "कुकर तू बिघडवलास" हे ऐकायला कोण उभी असते? तीच. तिला पहाटे उठून सगळं घासायचं, कारण सोमवार धरणारं घरात कोणीतरी असतं आणि मटणाच्या वासात फराळाचं होत नाही.

अरे लेका, मटण तू केलंच नाहीस. तिच्या तयारीवर वीस मिनिटं डाव फिरवलास आणि शाबासकी घेऊन ढेकर देत झोपलास. कौतुक करणारेही तसलेच. पुढच्या रविवारी लसूण तू सोल, खोबरं तू किस, आणि जेवण झाल्यावर बाह्या वर करून मोरीपाशी बस. मिक्सरचं रबर काढून धू, कुकरची नळी सुईनं साफ कर. नाहीतर संध्याकाळी उठून चहा मागू नकोस.