चितळाचे जंत आणि गाईवरचा आळ

नमस्कार. ‘वाघाने गाय मारली तरी गाय दोषी, चितळाला जंत झाले तरी गायच दोषी! जंत काय आजचे आहेत?’ असं तुम्ही माझ्या लेखावर विचारलंय. गुरांचे जंत चितळांना लागू शकतात, म्हणून गुरांना तपासून औषध द्या, असं मी त्यात म्हटलं होतं. वर ‘एवढा कळवळा असेल तर वनखात्याने चितळांनाच औषध पाजावं’ असा टोलाही हाणलाय. टोल्याकडे नंतर येतो. आधीचं बरंचसं मला मान्य आहे.

जंत आजचे नाहीतच. थोडेफार जंत पोटात घेऊन चितळ मजेत जगतं. लेंड्यांत अंडी दिसली म्हणजे ती गाईकडून आली, असंही नाही. लेंडी मिठाच्या संपृक्त पाण्यात घोळली की गोल कृमींची अंडी वर तरंगतात, पण रक्त पिणारा हिमोंकस आणि त्याचे भाऊबंद यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखीच. नक्की कोण ते कळायला अंड्यांतून अळ्या वाढवाव्या लागतात, नाहीतर डीएनए तपासावा लागतो. लिव्हर फ्लूक या यकृतातल्या चपट्या जंताची अंडी तर जड, ती तळाच्या गाळात शोधायची. म्हणून ‘इतके टक्के हरणं बाधित’ असल्या बातम्या मीही जपूनच वाचतो.

पण देवाणघेवाण होतच नाही, हे मात्र खरं नाही. ब्रिटनमधल्या रानटी रो हरणांत बेंझिमिडॅझोल गटातल्या जंतनाशक औषधांना न जुमानणारा हिमोंकस सापडल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या हरणाने जन्मात औषध चाखलं नाही, त्याच्या पोटात असा जंत येणार कुठून? जिथे वर्षानुवर्षं औषध पाजलं जातं, त्या मेंढ्या-गुरांकडूनच. आणि तेच हरीण कुंपण ओलांडून तो दुसऱ्याच्या कुरणात सोडू शकतं. म्हणजे यात गुरंवाल्याचाही तोटा आहेच.

ताडोबा व्याघ्रप्रकल्पाभोवतीच्या बफर पट्ट्याचं बोलायचं तर पावसाळ्यात, ओल आणि ऊब असताना, शेणातल्या अंड्यातून आठवडाभरात संसर्ग करणारी अळी तयार होते आणि ओल्या गवताच्या पात्यावर चढते. सकाळी तिथे गुरं चरतात, संध्याकाळी चितळं. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात उघड्या माळावरच्या बहुतेक अळ्या होरपळतात. पण तेव्हा सगळी जनावरं आटत्या तलावाच्या काठच्या हिरवळीवर गोळा होतात, आणि लिव्हर फ्लूक वाढवणाऱ्या गोगलगायी असतात त्या अशाच पाणथळ काठांवर.

आता तुमच्या टोल्याचं, म्हणजे चितळांना औषध पाजण्याचं. चाटणाच्या विटेतून दिलं तर दांडगा नर भरपूर चाटणार, पाडसाला काहीच मिळणार नाही. अर्धवट डोसातून तगतात ते नेमके चिवट जंत. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक असेल तर ते शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांच्या अळ्याही मारतं. शेण साफ करणारेच मेले, मग काय उरलं?

वजन बघून औषध पाजता येतं ते गोठ्यातल्या जनावराला. तेही सरसकट नको. दवाखान्यात शेण तपासून घ्या, पापण्या आतून पांढुरक्या पडलेल्या किंवा जबड्याखाली पाणी साचलेल्या जनावरांना आधी द्या. माझ्या लेखात म्हटलंय ते एवढंच. चराईबंदीची मागणी त्यात कुठेही नाही.