ओ काका, टॉवेल पडला

जो बँड ऐकायला मुंबईला जाऊ द्या म्हणून 1989 साली मी घरात दोन दिवस जेवलो नव्हतो, तो बँड गेल्या एप्रिलात स्वतःच्या पायांनी सोलापूरला आला. स्वतःच्या पायांनी हे आपलं म्हणायला. ड्रमरला स्टेजच्या तीन पायऱ्या चढवायला दोन पोरं लागली, आणि गायकाच्या गुडघ्याचा पट्टा चामड्याच्या पँटमधूनही दिसत होता.

त्या काळी मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 15 ऑगस्टच्या सुमारास रॉकवाल्यांचा मेळा भरायचा. 1986 पासून चालू होता. आम्ही इथं पेपरात त्याचे फोटो बघून केस वाढवत होतो. वडिलांकडं परवानगी मागितली तर ते म्हणाले, "सोलापूरनं 1930 साली, देशाच्या आधी सतरा वर्षं, तीन-चार दिवस स्वातंत्र्य भोगलंय. ते काय गिटार वाजवून?" ह्याला उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन उपोषण सोडलं.

आता परवानगी बायकोची होती. मी अभ्यास करून बसलो होतो. म्हटलं, "अगं, तो रोलिंग स्टोन्स बँडचा गायक मिक जॅगर 1943 चा. 2019 च्या एप्रिलात हृदयाची झडप बदलली आणि जूनमध्ये परत स्टेजवर नाचला. 2024 चा त्यांचा दौरा तर अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या संघटनेनंच प्रायोजित केला होता."

"तो नाचला, तुम्ही बसून बघा," ती म्हणाली. "आणि गोळी घेऊन जा."

कार्यक्रम विजापूर रोडवरच्या एका लॉनवर होता. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं. गेटवर थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच होतं, आणि दारातल्या माणसानं हाताच्या सवयीनं आम्हाला अत्तर लावलं. मी कॉलेजातला काळा टी-शर्ट शोधून घातला होता. तो बेंबीच्या चार बोटं वर थांबत असल्यामुळं त्यावर शर्ट, शर्टाची बटणं लावलेली, आणि बाहेर 41 डिग्री. म्हणजे बंडखोरी होती, पण आतून.

सोबत माझा मित्र. पूर्व भागात त्याचे यंत्रमाग आहेत. जन्म मागांच्या खडखडाटात गेला, त्यामुळं तो शेजारच्या माणसाचे ओठ बघून बोलतो आणि फोनवर नुसताच ओरडतो. त्याला मी का नेलं? एकट्यानं जायची लाज वाटत होती. तिकिटाच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, "काका, बसायचं का उभं राहायचं?" उभ्याचं तिकीट स्वस्त होतं आणि रॉक उभ्यानंच ऐकायचा असतो हे माझं छत्तीस वर्षांचं मत होतं. मित्र म्हणाला, "खुळा झालास काय बे?" आणि दोन खुर्च्यांचे पैसे टाकून मोकळा झाला. खुर्च्यांना मागं सॅटिनचे बो बांधलेले होते.

वेळ साडेसहाची. सव्वाआठला दिवे गेले, धूर आला, लोक ओरडले, आणि धुरातून सत्कार समिती बाहेर आली. एका माननीयांनी बँडच्या चौघांनाही फेटे बांधले, नारळ दिले आणि अंगावर एकेक सोलापुरी चादर पांघरली. उकाड्यात, दुहेरी विणीची, जाड. माननीय म्हणाले, रॉक ही आपली फार जुनी परंपरा आहे. गायक चादरीतून वाकून नमस्कार करत होता. आयुष्यभर व्यवस्थेविरुद्ध गायलेला माणूस व्यवस्थेनं असा पांघरूण घालून निजवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पावणेनऊला फेटा काढून त्यानं माइक धरला. "सोलापूर! आर यू रेडी?"

मागून आवाज आला, "सहा वाजल्यापास्नं!"

आणि सुरू झालं. पहिल्या ठोक्यालाच खिशातली चिल्लर थरथरली. माझे डोळे भरून आले. धूरही होता म्हणा. मित्र मात्र मान तिरकी करून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. मला वाटलं, सहन होत नसेल. तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, "चारातला एक माग बंद पडलाय की बे!"

मी म्हटलं, गप. दोन मिनिटांनी स्टेजवर एक पोरगा वाकून पळत आला आणि बेस गिटारवाल्याची निघालेली वायर खोचून गेला. बेसवाला तोवर मनापासून वाजवत होता. त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं, ह्याला कळलं. कारण विचारलं तर म्हणाला, "शेडमध्ये माग चालू असताना आवाज ऐकू येत नसतोय. थांबला की येतोय."

दुसऱ्या गाण्याला मी उभा राहिलो. मागून लगेच, "ओ काका, खाली बसा, दिसंना झालंय." बसलो. बसल्या बसल्या मान हलवायची ठरवलं. रॉकमध्ये मान कमरेपासून झटकतात. माझ्या मानेत दोन मणके एकमेकांशी बोलत नाहीत, ते त्या दिवशी भांडले. तिसऱ्या झटक्याला डोळ्यापुढं काजवे आले. मित्राला वाटलं चक्कर आली. त्यानं अख्खी पाण्याची बाटली डोक्यावर ओतली आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली. त्यांच्या पर्समध्ये बाम, पंखा, शुगरच्या गोळ्या, सगळं होतं. माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनीही आतून काळा टी-शर्ट घातला होता.

मध्ये ऑर्केस्ट्राच्या सवयीनं कुणीतरी फर्माईशीची चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी आमच्या हातून पुढं गेली म्हणून माहीत आहे: 'गणपतीचं एक होऊ द्या.' गायकानं ती हातभर लांब धरली, मग जवळ धरली, मग छातीशी लावली आणि म्हणाला, "आय लव्ह यू टू, सोलापूर!"

मग गिटारवाल्याचा सोलो सुरू झाला आणि गायक स्टेजमागं गेला. सोलो चांगला नऊ-दहा मिनिटं चालला. तरुण पोरं म्हणाली, काय वाजवतोय! आम्ही पन्नाशीच्या पुढचे काही बोललो नाही. असा सोलो किती लांबवायचा हे कशावर ठरतं, ते आम्हाला सांगावं लागत नाही. गायक परत आला तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं.

आल्यावर त्यानं टॉवेलनं घाम पुसला. पांढरा टॉवेल, आयोजकांनी दिलेला, म्हणजे अर्थात इथलाच. घाम पुसून त्यानं तो डोक्यावर गरगर फिरवला आणि लोकांत भिरकावला. जगात कुठंही असा टॉवेल पडला की त्याच्यासाठी मारामाऱ्या होतात, पोरी तो उशाशी घेऊन झोपतात. पण ज्या गावात लग्नाच्या आहेरात टॉवेल, सत्काराला टॉवेल, पाहुणा निघाला की पिशवीत टॉवेल, तिथं तो उडत कुणाकडं येतोय ह्याला काही किंमतच नाही. टॉवेल पहिल्या रांगेत एका गृहस्थांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो दोन बोटांत धरून झटकला, नीट चौपदरी घडी घातली, उठून स्टेजपर्यंत गेले आणि गाण्याच्या मधोमध हाक मारली, "ओ काका, टॉवेल पडला तुमचा."

गायकानं तो घेतला. घ्यावाच लागला. पुढचं कडवं त्यानं खांद्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवून म्हटलं, आणि आंघोळीला निघालेला माणूस कितीही किंचाळला तरी त्यात विद्रोह दिसत नाही.

दहाला सात-आठ मिनिटं असताना गेटपाशी एक हवालदार येऊन घड्याळ बघायला लागला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. त्याच नियमांत दवाखाना, शाळा, कोर्टापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येतं, आणि त्यातच सापडून मुंबईचं रंगभवन रॉकला कायमचं मुकलं. म्हणजे मी तेव्हा गेलो नाही, आणि नंतर जायला जागाच उरली नाही. ज्या शांततेनं ह्यांना तिथून उठवलं, ती आता विजापूर रोडवर काठी घेऊन उभी होती.

"थँक यू! गुड नाइट!" म्हणून बँड आत गेला. आता रीत अशी असते की लोक ओरडत राहतात आणि बँड परत येऊन हुकमी गाणं वाजवतो. सोलापूरकर सरळमार्गी. गुड नाइट म्हटल्यावर उठले आणि पार्किंगकडं चालू लागले. बँड परत आला तेव्हा मांडववाल्याची पोरं खुर्च्या एकात एक घालत होती आणि आम्ही तीस-चाळीस जण उरलो होतो, त्यातल्या निम्म्यांना गाडीची चावी सापडत नव्हती.

तरी त्यांनी वाजवलं. दहाचे काटे जवळ आलेले म्हणून आवाज अगदी हळू, हॉलमध्ये कुणी आजारी झोपलं असावं तसा. गायक स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला होता. खुर्च्यांचा खट्-खट् ताल आपोआप ड्रमवर बसला. मी मित्राकडं बघितलं. डोळे मिटून, हात खिशात घालून तो म्हणाला, "चारीबी माग चालूलालेत बे आता."

मी टीडीकेची साठ मिनिटांची कॅसेट आणली होती, 1988 मध्ये मित्राकडून भरून घेतलेली. बेसवाला मागच्या बाजूला लिंबू सरबत पीत बसला होता, त्याच्यापुढं धरली. त्यानं उलटीपालटी केली. "ही तर चोरून भरलेली आहे. तुम्ही आमचे पैसे देणं लागता."

मी खरंच पाकीट काढलं. तो हसला आणि खिसे चाचपत म्हणाला, चष्मा हॉटेलवर राहिला. मी माझा दिला. नंबर एकच निघाला, अडीच. त्यानं आतल्या कागदावर सही केली, खांद्यावर थाप मारली आणि गाडी आली म्हणून निघाला. चष्मा त्याच्या डोळ्यांवर होता हे मला गाडी सात रस्त्याला पोचली असेल तेव्हा आठवलं. मला न गाठता आलेली मुंबई माझ्या चष्म्यानं रात्रीच्या गाडीनं गाठली.

घरी आल्यावर बायकोनं तिच्या चष्म्यातून सही वाचली. कॅसेटच्या मागची खिट्टी तोडली की तिच्यावर पुन्हा टेप करता येत नाही. मी ती तोडली नव्हती, आणि आईनं नव्वद साली ब बाजूवर स्वतःच्या आवाजात आरत्या भरल्या होत्या. कागदावर तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'आरत्या. पुसू नये.' सही बरोबर त्याच्या खाली होती.

"म्हणजे," बायको म्हणाली, "पुसणार नाही म्हणून लिहून दिलंय त्यांनी."