आधी गुन्हा कबूल करा, अपिलाचे मग पाहू

राजवाड्याच्या गर्दीत आपल्या स्कूटरचा धक्का कोणाला लागला आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर इंदूरच्या सुज्ञ नागरिकाने बचाव करण्याच्या भानगडीत पडू नये. पेशीच्या दिवशी वकीलसाहेबांचे मुन्शी कानाशी येऊन "कबूल कर लो, जुर्माना भरो, छुट्टी" असे म्हणतील, तो गुरुमंत्र समजावा. माझ्या भाच्याने तो समजला, आणि नोकरीच्या पोलीस पडताळणीत त्याची दोषसिद्धी वर आल्यापासून आमचे घर अपिलाच्या शास्त्रात पारंगत होत आहे.

कबुलीचा छापील कागद वाचू नये. मागे लोक खोळंबलेले असतात.

आरोप काय आहे, हेही विचारू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम २७४ नुसार तो आरोपीला सांगणे मॅजिस्ट्रेटचे काम आहे, पण इतक्या व्यग्र माणसाला आठवण करून देणे उद्धटपणाचे दिसते.

कबुली मात्र मोजक्या शब्दांत द्यावी. कलम २७५ म्हणते की ती शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी. भाचा म्हणाला होता, "जी साहब." आदेशाच्या नकलेत उमटले, "अभियुक्त ने स्वेच्छा से अपराध स्वीकार किया." या दोन वाक्यांमधले अंतर कोणी कापले? टंकलेखकाने, की आधीच छापून ठेवलेल्या नमुन्याने? कबुलीचे शब्द नोंदवणे हा पोकळ उपचार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महंत कौशल्या दास यांच्या खटल्यात १९६५ मध्येच सांगितले. कबुलीनंतरही दोषी ठरवणे मॅजिस्ट्रेटच्या विवेकावर सोपवले आहे, म्हणजे कोणीतरी क्षणभर थांबून विचार करावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. येथे थांबते ती फक्त पुढच्या नावाची पुकार, आणि तीही थांबत नाही!

आता अपील. कलम ४१६ नुसार, कबुलीवर शिक्षा झालेल्याला तिचे प्रमाण आणि वैधता एवढ्यापुरतेच अपील करता येते. कार्यपद्धती चुकली म्हणावे, तर कलम ५११ विचारते की त्यामुळे न्यायहानी झाली हे दाखवा. उरते ती पुनरीक्षणाची, म्हणजे वरच्या न्यायालयाकडून निकाल तपासून घेण्याची वाट, नव्वद दिवसांच्या मुदतीची. ती मुदत आपल्याला कोणी सांगू नये, याची काळजी सगळे मिळून घेतात.

पुनरीक्षणासाठी नवा वकील करावा. तो पहिला प्रश्न विचारील, "कबूल केलेच का?"

केले, कारण ज्याला फी दिली होती त्याच्याच माणसाने करायला लावले! भारतीय न्याय संहितेच्या, बेदरकार वाहन चालवण्याच्या कलम २८१ खाली दंड फार तर एक हजार रुपये, म्हणून प्रकरण क्षुल्लक, असे वकीलसाहेबांनी ठरवून टाकले. दंडाबरोबर दोषसिद्धीही पदरात पडते आणि पुढे अपिलाचे दार जवळजवळ बंद होते, ही दोन वाक्ये स्वतः बोलायला त्यांना वेळ नव्हता. तारखा वाढवून घ्यायला तो नेहमी असतो. आणि न्यायासनावरून मान वर न करता कबुली टिपणाऱ्यांनी, समोरच्या मुलाला "तुला हे समजले का?" एवढे विचारले असते, तर त्यांचा किती वेळ गेला असता?