ब्रिटनचा वसंत लांबला, म्हणून तापमानवाढ खोटी?

एप्रिल लागला तरी इथे ब्रिटनमध्ये आभाळ राखाडीच राहिलं, की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. पुण्याहून काका पाठवतात, लेस्टरचा मामेभाऊ त्यावर अंगठा उमटवतो. मजकुराचा गोषवारा असा: ब्रिटनमध्ये वसंत आता वेळेवर येतच नाही, २०१३चा मार्च तर हिवाळ्याहून गार होता, असं पूर्वी कधी झालं नव्हतं, झाडंसुद्धा उशिरा फुलतात, आणि तरी मेट ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं हवामान खातं, २०२४चा तो कुंद, चिंब वसंत ‘सर्वांत उबदार’ म्हणून आपल्या गळी उतरवतं. सबब, तापमानवाढ हे थोतांड.

२०१३चा मुद्दा खरा आहे, आणि तो दडवायचं काही कारण नाही. मध्य इंग्लंडच्या तापमानाची मासिक नोंद १६५९पासून आहे. तिच्यात मार्च २०१३ची सरासरी २.७ अंश सेल्सियस, म्हणजे त्याच्या आधीच्या डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तिन्ही महिन्यांपेक्षा कमी. ३१ मार्चला, ऐन ईस्टरच्या दिवशी, स्कॉटलंडमधल्या ब्रेमारला पारा उणे १२.५पर्यंत उतरला. उत्तर आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडच्या आरन बेटावर, मेंढ्या विण्याच्या हंगामात, कळपच्या कळप बर्फाच्या ढिगाऱ्यांखाली गाडले गेले.

पण असं झालं कशामुळे, याबद्दल मजकुरात चकार शब्द नाही. एरवी ब्रिटनला अटलांटिकवरून येणारे पश्चिमेचे वारे ऊब देतात. त्या महिन्यात उत्तरेला, ग्रीनलंडच्या बाजूला, जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं, जेट प्रवाह, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेला धावणारा वेगवान वारा, दक्षिणेला ढकलला गेला आणि वारे पूर्वेकडून सुरू झाले. युरोप खंडावरची कोरडी थंडी उत्तर समुद्र ओलांडून थेट दारात. त्याच वेळी ग्रीनलंडचा पश्चिम किनारा नेहमीपेक्षा उबदार होता आणि जगाची सरासरीही विसाव्या शतकातल्या मार्चच्या सरासरीच्या वरच होती. थंडी जागा बदलून आली होती, एवढंच. आभाळ कुंद राहतं त्यामागेही बऱ्याचदा हाच वारा असतो. समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो. मार्च-एप्रिलमध्ये उत्तर समुद्राचं पाणी जेमतेम सहा-सात अंशांवर असतं. त्यावरून येणारी हवा ओलसर होते आणि पूर्व किनाऱ्यावर खाली उतरलेल्या ढगासारखी साचते. स्कॉटिश लोक तिला ‘हार’ म्हणतात. एडिंबरा हारमध्ये बुडालेलं असताना पन्नासेक मैलांवरच्या ग्लासगोत लोक उन्हात बसलेले असू शकतात. मग वसंत नेमका कुणाकडे आला नाही म्हणायचं?

‘पूर्वी कधी झालं नव्हतं’ हे तर सरळसरळ चूक. मध्य इंग्लंडच्या त्याच नोंदीत १८९२चा मार्च २०१३इतकाच गारठलेला आहे. १९६२चा वसंतही असाच. आणि क्रिकेटवेड्या काकांना एवढं तरी आठवायला हवं: २ जून १९७५, डर्बीशायरमधलं बक्स्टन. शनिवारी क्लाइव्ह लॉइडने लँकेशायरकडून नाबाद १६७ ठोकलेले आणि सोमवारी मैदानावर बर्फ! त्या दिवशी खेळच झाला नाही. पंच होते डिकी बर्ड. मंगळवारी त्या ओल्या खेळपट्टीवर डर्बीशायरचा डाव ४२ धावांत आटोपला. आणि पाचच दिवसांनी लॉर्ड्सवर, लख्ख उन्हात, पहिला विश्वचषक सुरू झाला, ज्यात गावसकरांनी साठ षटकं खेळून नाबाद ३६ काढले. त्याचं खापर मात्र हवामानावर फोडता येणार नाही.

आता २०२४. इथे लोकांचा संताप मला कळतो. मे महिन्यातही छत्री हातातून सुटली नव्हती. पण सरासरी काढताना दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान तापमान दोन्ही धरतात. ढगांनी दुपारी ऊन अडवलं खरं, पण रात्री तेच ढग गोधडीसारखे पसरून राहिले आणि जमिनीची ऊब निसटू दिली नाही. रात्री आपण झोपलेलो असतो, तापमापक नसतो. ब्रिटनची त्या मे महिन्याची सरासरी १३.१ अंश होती, २००८च्या जुन्या विक्रमापेक्षा तब्बल एक अंश जास्त. वसंत ओला होता, मळभाचा होता आणि उबदारही होता. या तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात, हे कोकणात पावसाळा काढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी, २०२५मध्ये, वसंताने २०२४चा ‘सर्वांत उबदार वसंत’ हा विक्रम मोडला आणि सूर्यप्रकाशाचाही नवा उच्चांक केला.

राहिली झाडं. रॉबर्ट मार्शम नावाच्या नॉरफोकच्या जमीनदाराने १७३६पासून पहिलं फूल, पहिलं पान, पहिला बेडूक असल्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी त्या १९५८पर्यंत चालवल्या. केंब्रिजच्या संशोधकांनी ब्रिटनभरच्या अशा लाखो नोंदी घेऊन ४०६ वनस्पती तपासल्या. २०२२मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की १९८७नंतरचा पहिला बहर आधीच्या काळापेक्षा सरासरी जवळपास महिनाभर लवकर येतो. म्हणजे एखादा वसंत लांबला तरी ‘उशीर’ वाटतो तो अलीकडच्या सवयीच्या मानाने. मार्शमच्या पणजोबांना त्यात काहीच वावगं वाटलं नसतं.

आणि लवकर फुलण्यात खरी मेख आहे: लवकर उमललेली फुलं उशिरा पडणाऱ्या थंडीच्या तावडीत सापडतात. एप्रिल २०२१मध्ये ब्रिटनमध्ये सरासरी १३ दिवस पारा शून्याखाली गेला, १९६०पासूनच्या नोंदीत कुठल्याही एप्रिलपेक्षा जास्त. अशा रात्रीनंतर सफरचंदाचं फूल दिसायला धड असतं. पाकळ्या पांढऱ्या-गुलाबी, ताज्या. नखाने उकलून पाहिलं की मधला भाग काळा पडलेला. त्या फुलाला फळ धरत नाही. केंट-ससेक्सकडचे द्राक्ष बागायतदार अशा रात्री वेलींच्या ओळींमध्ये मोठाल्या मेणबत्त्या पेटवून जागतात. उलट २०१३च्या त्या बदनाम वसंतात फुलं उशिरा आली, कडाक्याच्या रात्री तोवर सरल्या होत्या, उन्हाळाही चांगला गेला आणि शरदात सफरचंदांनी झाडं लगडली.