‘गोंडीसुद्धा संस्कृतातूनच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. मामा, कोरियन ‘आप्पा’, जपानी ‘नामाए’, इंग्रजी ‘बॅड’ असे शब्द देऊन त्यात म्हटलंय की जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या. शेवटी जोडलंय, ‘आपली गोंडीसुद्धा, त्यांची नार म्हणजे आपली नारीच.’ त्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसलो.

आधी मामा. आपल्याकडे आईचा भाऊ, चिनीत आई, जॉर्जियन भाषेत चक्क बाप. तान्ह्या बाळाचे ओठ मिटून उघडले की ‘मा’, ‘पा’, ‘बा’ हेच निघतं आणि जवळचा माणूस ती हाक आपलीच समजतो. कोरियन ‘आप्पा’चंही तेच.

‘नामाए’ म्हणजे नाव, हे खरं. पण तो शब्द ‘ना’ आणि ‘माए’ यांचा जोड आहे आणि ‘माए’ म्हणजे पुढे. ‘नाम’मधला ‘म’ तिथे नाहीच. खरं उदाहरण हवं होतं तर ‘दान’ घ्यायचं. बौद्ध धर्मासोबत चीनमार्गे तो शब्द जपानला गेला आणि आज ‘दान्ना’ होऊन मालक, नवरा या अर्थाने वापरात आहे. कामठीचा ड्रॅगन पॅलेस, म्हणजे जपानशी नातं असलेलं तिथलं बौद्ध मंदिर, पाहून आलेल्या कुणी हे लिहिलं असतं, तर मी आनंदाने पुढे पाठवलं असतं.

‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थही एकच. पण मागे गेलं की ‘बद’चं जुनं रूप पहलवीत, म्हणजे जुन्या फारसीत, ‘वद’ असं सापडतं. साम्य तिथेच तुटतं.

आता गोंडी. गोंडीत ‘नार’ म्हणजे गाव. नारीशी त्याचा काही संबंध नाही. तमिळनाडूतल्या ‘नाडू’चं ते भावंड. गोंडीत ‘पेन’ म्हणजे देव, म्हणून कुणी तिला इंग्रजीची लेक म्हणेल का? नातं पाहायचं तर आकडे मोजून बघा. दोन, तीन, चारला गोंडीत रंड, मुंड, नालुंग. तेलुगूत रेंडु, मूडु, नालुगु. मराठी-संस्कृत या ओळीत कुठेच बसत नाही. गोंडी द्रविड कुळातली आहे, कुणाची बिघडलेली बोली नाही.

हे नागपूर शहर वसवलं छिंदवाड्याजवळच्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने. त्याच शहरात गोंडीला उसनी ठरवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांनी मेसेज पाठवलाय, त्यांनी निदान ती शेवटची ओळ चुकीची होती एवढं त्याच ग्रुपवर लिहावं.